प्रबंधातलं प्रकरण शोधनिबंध करून पाठवायचं आहे: नियतकालिक कसं निवडावं, फाइल कशी तयार करावी?

खानापूर_शोधार्थी

नमस्कार. पीएचडीच्या प्रबंधातलं एक प्रकरण निबंध म्हणून पाठवायचं आहे. विषय: बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तीन तालुक्यांतल्या मराठी बोलीत कन्नडमधून आलेले शब्द. ४२ निवेदकांची (बोलीचे नमुने बोलून देणाऱ्यांची) ध्वनिमुद्रणं आहेत, ३१० शब्दांची यादी आहे. प्रकरण ९,००० शब्दांचं असून श्रीलिपीत (युनिकोडआधीच्या जुन्या फाँटमध्ये) टाइप केलेलं आहे.

अडचणी अशा: केअर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या यादीतलंच नियतकालिक लागतं का? मराठीत पाठवावं की इंग्रजीत? एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवलं तर चालतं का? आणि एका ठिकाणाहून मेल आलाय की ३,५०० रुपये भरा, पाच दिवसांत आयएसएसएनसह छापून प्रमाणपत्र देतो. क्रमानं काय करावं ते जाणकारांनी सांगावं.

ग्रंथपाल_निपाणी

केअरचं आधी सांगतो, कारण हा गोंधळ अजून मिटलेला नाही. यूजीसीनं ती यादी बंद केली. तशी जाहीर सूचना फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी विद्यापीठाची आणि संशोधकाची आहे, त्यासाठी यूजीसीनं निकष सुचवलेत. तेव्हा 'आम्ही आजही केअर-मान्य' अशी जाहिरात कुणी करत असेल तर तिथेच थांबा. शिवाय प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही २०१६ च्या नियमावलीतली अट २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. विद्यापीठ मात्र स्वतःच्या नियमांत ती ठेवू शकतं. तुमच्या नोंदणीला कोणत्या वर्षाची नियमावली लागू आहे ते पीएचडी विभागाकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर वर्ष घालवू नका.

पाच दिवसांच्या मेलला उत्तर देऊ नका. समीक्षक शोधायचा, त्यानं हो म्हणायचं, वाचायचं, लिहायचं, संपादकानं निर्णय घ्यायचा, हे पाच दिवसांत होत नाही. म्हणजे तिथे समीक्षा होतच नाही. शुल्क घेणारी चांगली नियतकालिकंही असतात, पण ती रक्कम संकेतस्थळावर उघड लिहितात आणि बहुतेक ठिकाणी ती स्वीकृतीनंतर भरायची असते.

आयएसएसएन हा गुणवत्तेचा शिक्का नाही, तो फक्त ओळख क्रमांक आहे. तरी तपासायला उपयोगी पडतो. आठ अंकांतला शेवटचा अंक पडताळणीचा असतो. उदाहरणार्थ ०३७८-५९५५ घ्या. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ नी गुणून बेरीज करा: १६०. तिला ११ नी भागल्यावर बाकी ६. ११ वजा ६ म्हणजे ५, हाच शेवटचा अंक. उत्तर १० आलं तर तिथे एक्स लिहितात. हिशेब जुळला नाही तर क्रमांक बनावट. जुळला तरी काम संपत नाही, कारण नकली नियतकालिकं खऱ्याचाच क्रमांक उचलतात. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाका आणि नाव, प्रकाशक, देश तिन्ही जुळतात का पाहा. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगळे असतात हेही ध्यानात ठेवा. आणि संकेतस्थळाचा पत्ता मेलमधल्या दुव्यावरून घेऊ नका, पोर्टलवरच्या नोंदीतून किंवा छापील अंकावरून घ्या.

यानंतर त्या नियतकालिकाचे मागचे चार अंक वाचा. संपादक मंडळावरची माणसं खरोखर भाषाविज्ञानातली आहेत का? एकाच अंकात भाषा, वाणिज्य, नर्सिंग आणि शेती असं सगळं आहे का? तसं असेल तर सोडा. 'इम्पॅक्ट फॅक्टर' हा आकडा क्लॅरिव्हेटच्या वार्षिक अहवालातून येतो. त्याच नावाचे इतर आकडे मुखपृष्ठावर दिसले तर त्यांना किंमत देऊ नका.

तुमच्या विषयाला मराठीत 'भाषा आणि जीवन' जवळचं आहे. इंग्रजीत 'इंडियन लिंग्विस्टिक्स' आणि तिरुवनंतपुरमहून निघणारं द्राविड भाषाविज्ञानाचं नियतकालिक पाहा. सगळ्यांचे ताजे लेखक-नियम त्यांच्याकडूनच मागवून घ्या, ते बदलत असतात. आणि एका वेळी एकाच ठिकाणी. दोन्हीकडे पाठवणं हा नैतिक दोष मानला जातो. क्षेत्र लहान असल्यामुळे दोन्ही संपादकांनी एकाच समीक्षकाला विचारलं, असं सहज घडतं.

टिळकवाडी_संपादन

नियतकालिकाइतकाच मजकुराचा प्रश्न आहे, बघा. प्रकरण जसंच्या तसं गेलं तर समीक्षकापर्यंत पोचणारच नाही, संपादकाच्या टेबलावरूनच परत येईल. प्रकरणात तुम्ही परीक्षकाला दाखवता की सगळं वाचलंय. निबंधात एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. ९,००० चे ५,००० ते ६,००० शब्द करायचे म्हणजे प्रत्येक परिच्छेद थोडा थोडा कापायचा नाही, आख्खे विभाग काढायचे. पूर्वसंशोधनाचा आढावा ५०० शब्दांत बसवा. तालुक्यांचा इतिहास, नद्या, बाजारपेठा, देवळं हे सगळं काढा. प्रश्नाला लागतं तेवढंच ठेवा.

३१० शब्दांची यादी हा निबंध नव्हे. ती परिशिष्टात किंवा पूरक फाइलमध्ये जाईल. मुख्य मजकुरात २५ ते ३० शब्द घ्या आणि त्यांतून काहीतरी सिद्ध करा. काय, ते सुचवतो. सांगलीजवळच्या कुपवाडवर गंपर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा अभ्यास आहे. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू व्याकरणाच्या अंगानं एकमेकींच्या फार जवळ आल्या, पण शब्द आपापले राखून राहिल्या, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही म्हणताय की शब्द मोठ्या प्रमाणावर आले. मग फरक कशानं पडला? शाळेच्या माध्यमानं, बाजारानं, की कचेरीच्या भाषेनं? हा तुमच्या निबंधाचा कणा होऊ शकतो. या विषयाचा कोणताही समीक्षक कुपवाड शोधणारच. ते संदर्भात नसेल तर बाकीचं तो संशयानं वाचेल.

व्युत्पत्तीत सगळ्यात जास्त निबंध अडकतात. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता यांचं कन्नडशी नातं सांगता येतं, पण हे शब्द पुण्या-नाशिकातही आहेत. सीमाभागातली उसनवारी म्हणून ते मांडले की निबंध तिथेच पडतो. प्रत्येक शब्द आधी मोल्सवर्थच्या कोशात पाहा, १८५७ ची दुसरी आवृत्ती. तिथे असेल तर तो तेव्हाच मराठीत रुळला होता. मग बरो आणि एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश, १९८४ ची सुधारित आवृत्ती, आणि इंडो-आर्यन शब्दांसाठी टर्नर यांचा तौलनिक कोश. तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. शब्दापुढे कोशातला नोंद क्रमांक द्या. दोन्हीकडे दावा निघत असेल तर तसं लिहा. अनिश्चित शब्द मोजणीतून वगळा आणि वगळले हे सांगा.

आता ४२ निवेदकांचं. तीन तालुके, स्त्री-पुरुष, आणि समजा तीन वयोगट: १८ कप्पे झाले. प्रत्येकात सरासरी दोनच माणसं येतात. तिथे '६६.६७ टक्के' असं लिहिणं म्हणजे तिघांतले दोघे. टक्के काढू नका, आकडे द्या. किंवा वयोगट दोनच करून तालुके एकत्र घ्या. आपल्या भागात वय आणि लिंगापेक्षा शाळेचं माध्यम जास्त बोलतं: मराठी, कन्नड की इंग्रजी माध्यम हा रकाना निवेदकांच्या तक्त्यात हवाच. घरची भाषा, व्यवसाय आणि गावात किती वर्षं हेही.

भाषेचा निर्णय वाचकावरून घ्या. उसनवारीचा हा प्रश्न द्राविड अभ्यासकांपर्यंत जायला हवा असेल तर इंग्रजी. बोलीचं वर्णन हाच गाभा असेल तर मराठी. एकच निबंध दोन्ही भाषांत छापायचा तर दुसऱ्या संपादकाला आधी कळवावं लागतं आणि पहिल्याची परवानगी लागते. मराठीत पाठवलात तरी इंग्रजी सारांश बहुतेक ठिकाणी मागतात: १५० ते २५० शब्द, पाच-सहा बीजशब्द (कीवर्ड). सारांशात प्रश्न, सामग्री, पद्धत आणि निष्कर्ष यावेत. 'प्रस्तुत निबंधात चर्चा केली आहे' या वाक्यानं जागा जाते, निष्कर्ष कळत नाही.

अजून एक. 'सीमाभाग' हा शब्द वापरायचा तर पहिल्याच पानावर तालुक्यांच्या नावांनी त्याची व्याख्या द्या. समीक्षक धारवाडचा असेल, पुण्याचा असेल. निबंध वादाचा नाही, बोलीचा आहे हे त्याला लगेच कळायला हवं. इंग्रजीत १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं अधिकृत नाव बेळगावी लिहा, पण सारांशात एकदा जुनं नावही येऊ द्या, नाहीतर जुन्या नावानं शोधणाऱ्याला तुमचा निबंध सापडणार नाही.

कळफलक

श्रीलिपीबद्दल. ही फाइल तशीच जाऊ देऊ नका. जुन्या फाँटमधली अक्षरं संगणकाच्या लेखी रोमन चिन्हं असतात. संपादकाकडे तो फाँट नसेल तर कचरा दिसतो, आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तेच दिसतं. साम्य शून्य टक्के आलं म्हणून खूश होऊ नका, त्यानं मजकूर वाचलेलाच नसतो.

युनिकोड परिवर्तकातून काढल्यावर चुका ठरावीक जागी येतात. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर मागेपुढे सरकते, रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, द्य आणि ध्य, ट्ट आणि ठ्ठ यांची अदलाबदल होते. 'ऱ्य', 'ऱ्ह' वेगळे तपासा: हा अर्धा र दोन पद्धतींनी साठवला जातो, नुक्तावाल्या ऱ ने किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला सारखे, पण शोधलं तर एक सापडतो, दुसरा नाही. 'ॲ' चंही तसंच: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र. शब्दांची मोजणी करणार असाल तर हे एकसारखं केल्याशिवाय आकडे चुकतील. शोधा-बदला वापरून एकच रूप ठेवा.

वर्डमध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या वेगळ्या चौकटीतून ठरतो. वरच्या पट्टीत १२ दिसतं आणि मराठी मजकूर ११ चा राहतो, तो यामुळे. फाँटची खिडकी उघडून दोन्ही जागी भरा. त्यापेक्षा 'नॉर्मल' स्टाइलमध्येच बदल करा म्हणजे सगळीकडे लागू होतो. फाँट नियतकालिक सांगेल तो. काहीच सांगितलं नसेल तर यशोमुद्रा, मुक्त किंवा मंगल. पीडीएफ करताना फाँट अंतर्भूत झालेत का ते दस्तऐवजाच्या गुणधर्मांत पाहा.

कन्नड शब्द देवनागरीत लिहिताना एक अडचण येते. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत, मराठीत तो भेद नाही. त्यासाठी युनिकोडमध्ये ऎ आणि ऒ ही अक्षरं आहेत, ती वापरा. रोमन लिप्यंतर करणार असाल तर आयएसओ १५९१९ हे आंतरराष्ट्रीय मानक घ्या; त्यात दीर्घ ए-ओ वर आडवी रेघ येते, आणि नियम पाळायचा तर मराठी ए-ओ वरही ती द्यावी लागते. एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही असं झालं की समीक्षक तेच धरून बसतो. वाक्याचं उदाहरण तीन ओळींत द्या: मूळ उच्चार, शब्दाखाली शब्द असा व्याकरणिक अर्थ, मग सरळ भाषांतर. ओळी टॅबनं किंवा बिनरेषेच्या तक्त्यानं जुळवा. स्पेस देऊन जुळवल्या की मांडणीत विस्कटतात.

नकाशा टाकत असाल तर तालुक्यांच्या सीमा, प्रमाणपट्टी, उत्तर दिशा आणि मूळ स्रोत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी देशाच्या बाह्य सीमा जुळायला हव्यात. छायाचित्र ३०० डीपीआय, रेषाचित्र ६०० पेक्षा कमी नको. तक्ते चित्र म्हणून चिकटवू नका.

खानापूर_शोधार्थी

सगळ्यांचे मनापासून आभार. कुपवाडचा मुद्दा माझ्या आराखड्यात अजिबात नव्हता, आता तिथूनच मांडणी करते. आणखी दोन शंका. निवेदकांची संमती बहुतेकांकडून तोंडी घेतली आहे, ती ध्वनिमुद्रणात आहे. ते पुरतं का? आणि मार्गदर्शकांचं नाव कोणत्या क्रमानं द्यावं?

मलप्रभा

ताई, तोंडी संमती ध्वनिमुद्रित असेल तर भाषावैज्ञानिक क्षेत्रकार्यात ती मान्य करणारी नियतकालिकं आहेत, पण त्यात काय सांगितलं होतं ते ऐकून तपासा: नाव गुप्त राहील, ध्वनिमुद्रण छापील निबंधासाठी वापरलं जाईल, कधीही नाही म्हणता येईल. नुसतं 'रेकॉर्ड करू का' आणि 'करा की' एवढंच असेल तर पुरणार नाही. अशा निवेदकांकडे परत जाऊन मराठीत किंवा कन्नडमध्ये, ज्यांना जी वाचता येते तीत, एक पानी संमतिपत्र घ्या. संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी मात्र मागच्या तारखेनं मिळत नाही. ती घेतली नसेल तर निबंधात तसं स्पष्ट लिहा आणि विभागाच्या संशोधन समितीनं विषयाला दिलेल्या मंजुरीचा उल्लेख करा. न घेतलेली मंजुरी घेतली असं लिहिणं हे निबंध मागे घ्यायला पुरेसं कारण ठरतं. लहान गावात 'वय ७१, स्त्री, हलशी, निवृत्त शिक्षिका' एवढ्यानं माणूस ओळखू येतो. गावाऐवजी तालुका आणि वयाऐवजी वयोगट द्या.

नावांचा क्रम कामावरून ठरतो. नियतकालिकं लेखकत्वाच्या चार अटी मानतात: कल्पना, सामग्री किंवा विश्लेषणात खरा वाटा, लेखनात किंवा त्याच्या बौद्धिक तपासणीत वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि मजकुराची जबाबदारी. चारही लागू असतील तर मार्गदर्शक सहलेखक. फक्त पद म्हणून नाव येत नाही, तेव्हा आभारात उल्लेख करावा. क्षेत्रकार्य आणि मसुदा तुमचा असेल तर पहिलं नाव तुमचं. हे पाठवण्याआधी मेलवर ठरवून घ्या. सादर झाल्यावर नाव घालायचं किंवा काढायचं तर सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात. एआय साधन वापरलं असेल तर कशासाठी ते नमूद करा. ते लेखक म्हणून चालत नाही.

तुमचं स्वतःचं नाव रोमनमध्ये एकाच रूपात कायमचं ठरवा. इकडे आद्याक्षरं कधी पुढे, कधी मागे, आडनाव कधी 'कर' सकट, कधी वडिलांच्या नावावर थांबतं. गुणपत्रिका एक सांगते, आधार दुसरं. ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक) काढून घ्या, मोफत आहे, १६ अंकी, आणि तो प्रत्येक ठिकाणी द्या.

समीक्षा दोन्ही बाजूंनी अनामिक असेल तर शीर्षकपान वेगळी फाइल. मुख्य फाइलमधून नाव, आभार, निधीचा उल्लेख आणि 'माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे' अशी वाक्यं काढा. वर्डमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून लेखकाचं नाव, शेरे आणि ट्रॅक केलेले बदल पुसा. फाइलच्या नावातही आडनाव नको. ओळ क्रमांक चालू करा, समीक्षकाला बोट ठेवायला सोपं जातं.

साम्य तपासणीबद्दल: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्याच्या वर ४० पर्यंत हस्तलिखित मागे घ्यायला सांगतात. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची त्यात धरायची नसते, तेव्हा त्या गाळण्या लावूनच अहवाल काढा. निबंध आधी छापला आणि प्रबंध नंतर दिला तर प्रबंधात तशी नोंद करा. प्रबंध आधीच शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) गेला असेल तर निवेदनपत्रात (निबंधासोबतच्या पत्रात) संपादकाला सांगा, नाहीतर साम्य ८० टक्के दिसेल आणि कारण कुणाला कळणार नाही.

निवेदनपत्र अर्ध्या पानाचं: शीर्षक, एका वाक्यात नवीन काय, हा निबंध इतरत्र दिलेला नाही, सर्व लेखकांची संमती आहे, हितसंबंधांचा संघर्ष नाही. स्तुती नको. मग नियतकालिकाच्या पोर्टलवर नोंदणी, विभाग निवड, फाइली, मग शीर्षक-सारांश-बीजशब्दांचे रकाने. तिथे मजकूर युनिकोडच चिकटवा. संदर्भ मजकुराशी जुळवून पाहा: कंसातलं प्रत्येक नाव सूचीत आहे का, सूचीतलं प्रत्येक मजकुरात आहे का. शेवटचं 'सबमिट' दाबल्यावर पोचपावतीचा मेल आला तरच सादर झालं समजा. अर्धवट राहिलेली नोंद तशीच पडून राहते आणि लेखक वाट पाहत बसतो.

तीन महिने उत्तर नाही तर हस्तलिखित क्रमांक देऊन दोन ओळींची विचारणा करा. सहा महिन्यांनीही काही नाही तर मागे घेता येईल, पण मागे घेतल्याची लेखी पोच आल्यावरच दुसरीकडे पाठवा. सुधारणा मागितल्या तर समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून खाली उत्तर द्या, बदल कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत ते सांगा. न पटलेला मुद्दा पुराव्यासह नाकारता येतो. गप्प राहून टाळता येत नाही.

ग्रंथपाल_निपाणी

प्रुफाबद्दल राहिलं. दोन-तीन दिवसांचीच मुदत मिळते. मुद्रणशाळेत मराठी ल आणि श ची हिंदी वळणं येतात, ती सोडून दिली तरी चालतील. पण ऎ चा ए झाला, ळ चा ल झाला, लिप्यंतरातली रेघ किंवा अक्षराखालचा टिंब गळला तर तुमचा पुरावाच बदलतो. उदाहरणाच्या ओळी मूळ फाइलशी एकेक करून ताडा. दोघांनी बसायचं: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पाहायचं. वाचणारा कन्नड जाणणारा असेल तर उत्तम.